पैसे 'ऑफ', माणूस 'आउट ऑफ': इंग्रजीतली खाबूगिरीची क्रियापदं

तळटीप

आर्थिक घोटाळ्यांचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणताना सगळ्यात जास्त अडतं ते छोट्या क्रियापदांपाशी. एम्बेझल, मिसॲप्रोप्रिएट असले भारदस्त शब्द सोपे; 'अपहार केला' म्हटलं की भागतं. पण स्किम ऑफ, सायफन ऑफ, रेक ऑफ, रिप ऑफ, चीट आउट ऑफ, मेक ऑफ विथ ही मंडळी आली की शब्दकोश सगळ्यांपुढे 'पैसे हडपणे' लिहून मोकळा होतो. हडपले हे खरंच, पण कसे?

माझं म्हणणं असं की यांची यादी पाठ करून काही होत नाही. पुढचं क्रियापद रंग भरतं; चोरीची रीत सांगतं ते मागचं शेपूट, म्हणजे 'ऑफ', 'आउट ऑफ' वगैरे. शेपूट बघा, आणि कर्म कोण आहे ते बघा: पैसा की माणूस. निम्मं काम तिथेच होतं.

'ऑफ' घ्या. मोठ्या रकमेतून वरच्यावर थोडं उचलायचं आणि बाकीचं जसं चाललंय तसं चालू द्यायचं, हा 'ऑफ'चा स्वभाव. स्किम ऑफ म्हणजे मुळात वरची साय काढणं. क्रीम ऑफ तेच, फक्त ब्रिटिश लेखनात जास्त दिसतं. भांडं तिथेच राहतं, दूधही राहतं, बघणाऱ्याला भरलेलंच दिसतं. कर्म कायम पैसा: 'दे स्किम्ड ऑफ मिलियन्स'.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे लास व्हेगासचे कॅसिनो. तिथे 'द स्किम' हे नामच होऊन बसलं होतं. जुगाराच्या टेबलांखालच्या पेट्यांत जमलेली रोकड मोजणीच्या खोलीत जाते, तिथे मोजून वहीत चढते आणि मग तिच्यावर कर लागतो. चोरी करायची ती वहीत आकडा चढायच्या आत. वहीत न आलेला पैसा कागदोपत्री कधी जन्मालाच आलेला नसतो, त्यामुळे त्याची तूटही दिसत नाही. 1970 च्या दशकात स्टारडस्ट कॅसिनोत तर नाणी तोलायच्या काट्यातच गडबड करून ठेवली होती. स्लॉट मशीनची नाणी एकेक मोजत बसत नाहीत, वजनावर मोजतात. काट्यानं वजन कमी दाखवलं की फरकाची नाणी आपोआप 'नसलेली' होतात. हा पैसा कॅसिनोच्या छुप्या मालकांकडे, म्हणजे शिकागो, कॅन्सस सिटी वगैरे शहरांतल्या टोळ्यांकडे जायचा. 1986 मध्ये कॅन्सस सिटीतल्या खटल्यात टोळीप्रमुख दोषी ठरले.

आता इथे 'कॅसिनोतून पैसे हडपले' असं भाषांतर केलं तर सगळा कावाच हरवतो. 'हिशेबात यायच्या आत वरच्यावर काढले' म्हणावं लागतं. मराठीत 'परस्पर' हा एक फार कामाचा शब्द आहे, तो अशा जागी वापरावा. 'परस्पर काढले', 'परस्पर लांबवले'. स्किम ऑफच्या याहून जवळ मला तरी काही सापडलेलं नाही.

सायफन ऑफ वेगळं. नळी एकदा लागली की पुढचं काम उतारच करतो, हात लावावा लागत नाही. म्हणून रक्कम मोठी, काळ लांब आणि मधे दोन-तीन कंपन्या किंवा खाती असली की वार्ताहर हा शब्द उचलतात. आणि सायफनला दुसरं टोक लागतंच. 'सायफन ऑफ फ्रॉम' अमुक 'इंटू' तमुक. मलेशियाच्या 'वनएमडीबी' या सरकारी निधीबद्दलच्या लेखनात हे क्रियापद हटकून भेटतं. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार तिथून 4.5 अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम वळवली गेली, ती परदेशातल्या बनावट कंपन्यांच्या खात्यांमधून फिरत फिरत. मराठीत 'वळवणे' इथे चपखल बसतं. नळी आणि टोक दोन्ही आलं.

रेक ऑफ मात्र क्रियापद म्हणून कमी आणि नाम म्हणून जास्त दिसतं: 'ही गॉट हिज रेक-ऑफ'. जुगाराच्या टेबलावरचे पैसे ओढायला जो छोटा दाताळा असतो, तो रेक. जुगारघरानं प्रत्येक डावातून आपला भाग ओढून घ्यायचा, ही त्यामागची कल्पना. गंमत अशी की पोकरमध्ये आजही जुगारघराच्या उघड, कायदेशीर हिश्शाला 'रेक'च म्हणतात. मागे 'ऑफ' लागला की वास यायला लागतो.

आता दुसरं टोक, 'आउट ऑफ'. चीट, स्विंडल, कॉन, डू, डिडल, बिल्क, ट्रिक. यांचं कर्म माणूस, आणि पैसा 'आउट ऑफ'नंतर येतो. 'दे चीटेड हर आउट ऑफ हर सेव्हिंग्ज'. पैसा तिचा होता, किंवा तिला मिळायला हवा होता, त्यातून तिलाच बाहेर काढलं. म्हणूनच वारसाहक्क, पेन्शन, बढती असल्या अजून हातात न आलेल्या गोष्टींनाही हे चालतं. 'ही वॉज डन आउट ऑफ हिज इनहेरिटन्स.' न मिळालेला वारसा कोणी 'स्किम ऑफ' करू शकत नाही, पण त्या वारशातून तुम्हाला 'आउट' मात्र करू शकतो.

मराठीतही हीच फाळणी आहे. लाटणे, ढापणे, हडपणे, उकळणे यांना पैसा लागतो. लुबाडणे, नागवणे, गंडवणे यांना माणूस लागतो: त्याला लुबाडलं. आणि रक्कम सांगायची झाली तर 'लाखाला बुडवलं', 'लाखाला गंडवलं'. हा 'ला' अगदी 'आउट ऑफ'च्या जागेवर बसलेला आहे.

तुमच्याकडची उदाहरणं येऊ द्या. विरोध असेल तर आधी येऊ द्या.

---

सुरवंट

विरोध आहे, आधीच आलो. :)

'रिप ऑफ'चं काय करणार? 'दे रिप्ड मी ऑफ.' शेपूट 'ऑफ', कर्म माणूस. 'पे ऑफ', 'बाय ऑफ' तेच: 'दे बॉट ऑफ द विटनेस'. तुमचा सिद्धांत पहिल्याच प्रतिसादात गचकला की.

---

तळटीप

गचकला नाही, लंगडला म्हणा.

बाय ऑफ आणि पे ऑफ मी मुद्दाम बाहेर ठेवले होते, कारण तिथे पैसा येत नाही, जातो. साक्षीदाराला पैसे देऊन वाटेतून दूर केलं. तो 'ऑफ' 'वॉर्ड ऑफ', 'फेंड ऑफ'मधला आहे, म्हणजे टाळण्याचा, लांब ठेवण्याचा. आपण 'तोंड बंद केलं' म्हणतो ते. शिवाय 'पे ऑफ'चा रोजचा अर्थ अगदी सोज्ज्वळ आहे, कर्ज फेडणं. 'ही पेड ऑफ द लोन' आणि 'ही पेड ऑफ द इन्स्पेक्टर' यांत व्याकरण एक, चारित्र्य निराळं.

रिप ऑफ खरा अपवाद. पण त्याचं कर्म वस्तूही होते: 'दे रिप्ड ऑफ हर डिझाइन', म्हणजे नक्कल मारली, चोरली. वस्तू आधी की माणूस आधी यावर मी वाद घालणार नाही. आज माणूस जिंकलाय एवढं खरं.

---

रानजाई

तळटीप, धागा छान. मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे माझ्या डोळ्यांना भलतंच दिसतं. :)

विद्यार्थी अर्थाच्या बाबतीत क्वचित चुकतात, चुकतात ते शब्दांच्या जागेत. स्किम ऑफ, सायफन ऑफ, रिप ऑफ ही फुटणारी क्रियापदं आहेत. कर्म मधे घालता येतं, शेवटीही ठेवता येतं: 'सायफन ऑफ द फंड्स', 'सायफन द फंड्स ऑफ'. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच हवं: 'सायफन इट ऑफ', 'रिप हिम ऑफ'. 'रिप ऑफ हिम' म्हटलं की ऐकणारा थबकतो.

आता याच्या शेजारी 'स्पंज ऑफ' ठेवा. फुकट दुसऱ्याच्या जिवावर जगणं. 'ही स्पंजेस ऑफ हिज ब्रदर.' इथला 'ऑफ' चिकटलेला आहे, फुटत नाही. सर्वनाम आलं तरी 'ही स्पंजेस ऑफ हिम'. आणि कोणी व्याकरणाच्या भरात 'ही स्पंजेस हिम ऑफ' म्हणालाच, तर अर्थ होतो, तो भावाला ओल्या स्पंजनं पुसून काढतो. दरवर्षी एक तरी विद्यार्थी भावाला अंघोळ घालतोच.

लिव्ह ऑफ, लीच ऑफ हीसुद्धा याच घरातली. कर्म माणूस, शेपूट 'ऑफ', आणि तरी रिप ऑफसारखी वागत नाहीत. तेव्हा सुरवंट, तुम्हाला आणखी दारूगोळा देते आहे.

---

सुरवंट

ताई, आभारी आहे. तळटीपराव, आता बोला.

---

तळटीप

बोलतो की. स्पंज ऑफमधला 'ऑफ' मला उलट माझ्याच बाजूचा वाटतो. भाऊ तिथेच आहे, कमावतो आहे, हा वरच्यावर खातो आहे. मूळ साठा शाबूत, वरचं चालू. फक्त इथे साठा म्हणजे भाऊ.

---

जुना_वाचक

तुम्ही दोघं 'ऑफ'वर भांडताय तोवर मी 'बॅक'वर लिहून घेतो. किकबॅक.

बऱ्याच लोकांना वाटतं किकबॅक म्हणजे लाच, संपलं. नाही. लाच कोणीही कोणालाही देतो. किकबॅकमध्ये पैसा एकदा सरळ, कायदेशीर वाटेनं पुढे जातो आणि मग त्यातला तुकडा चोरवाटेनं मागे येतो. 'बॅक' शब्दाला वजन आहे.

अमेरिकेतला 1934 चा कायदा बघा, कोपलंड अँटी-किकबॅक कायदा म्हणून ओळखला जातो. त्याआधी 1931 मध्ये डेव्हिस-बेकन कायदा आला होता: सरकारी बांधकामांवर मजुराला त्या भागातली प्रचलित मजुरी द्यायलाच हवी. ठेकेदार हुशार. हजेरीपटावर पूर्ण मजुरी मांडायची, मजुराच्या हातात पूर्ण द्यायची, सही घ्यायची, आणि तिथल्या तिथे ठरलेला भाग परत मागायचा. नाही दिलास तर उद्या काम नाही. मंदीचे दिवस, दाराबाहेर दुसरे मजूर उभे. कागद बघितला तर कायदा तंतोतंत पाळलेला. म्हणून हा 'मागे येणारा' पैसाच वेगळा गुन्हा करावा लागला. शिवाय दर आठवड्याला मजुरीचं विवरण देण्याची अटही घातली. मुद्दा असा की इथे किकबॅक वरच्यानं खालच्याकडून घेतलेला आहे. आज शब्द ऐकला की डोळ्यांपुढे मंत्री आणि कंत्राटदार येतात. तेव्हा त्यात गवंडी होता.

मंत्री आणि कंत्राटदारवालं उदाहरणही देतो. स्पायरो ॲग्न्यू, निक्सनचे उपाध्यक्ष. मेरीलँडमध्ये आधी काउंटीचे प्रमुख आणि मग राज्यपाल असताना कामं मिळालेल्या इंजिनिअरिंग कंपन्यांकडून त्यांना टक्केवारी पोचत होती, असा आरोप होता. उपाध्यक्ष झाल्यावरही पाकिटं येत राहिली, असं त्या कंत्राटदारांनी सांगितलं. 10 ऑक्टोबर 1973 ला राजीनामा दिला आणि त्याच दिवशी न्यायालयात करचुकवेगिरीच्या एका आरोपाला विरोध न करता शिक्षा स्वीकारली. 10,000 डॉलर दंड आणि तीन वर्षं प्रोबेशन. किकबॅक घेतल्याबद्दल शिक्षा झालीच नाही, त्या पैशावर कर भरला नाही म्हणून झाली.

मराठीत 'टक्केवारी' हा शब्द याला इतका फिट्ट आहे की दुसरा शोधू नये.

---

कानामात्रा

+१ टक्केवारीला.

पण एक सावधगिरी: क्रियापद म्हणून 'किक बॅक' वापरलंत तर आजकाल बहुतेकांना पाय पसरून निवांत बसणंच आठवतं. 'ऑन संडेज आय जस्ट किक बॅक' म्हणणारा माणूस भ्रष्ट नसतो, आळशी असतो. पैशाच्या अर्थानं क्रियापद वापरायचं तर कर्म आणि घेणारा दोन्ही सांगावे लागतात: 'ही किक्ड बॅक टेन पर्सेंट टू द मॅनेजर'. नामाला ती अडचण नाही.

बोलताना आघातही बदलतो. नामात पहिल्या शब्दावर: 'किक'बॅक, 'रिप'-ऑफ, 'शेक'डाउन. क्रियापदात जोर शेपटावर. आपण मराठी माणसं सगळं सपाट बोलतो, त्यामुळे हा फरक कानाला लागत नाही.

---

जुना_वाचक

बरोबर. आणि माफियाच्या बोलीत 'किक अप'ही आहे. खालच्या माणसानं कमाईतला वाटा वरच्या साहेबाला पोचवायचा. एकच 'किक', 'बॅक' म्हटलं तर आडवा व्यवहार, 'अप' म्हटलं तर उतरंड. तळटीप, हे तुमच्या शेपूटसिद्धांताला माझ्याकडून.

---

घारू

मेडॉफ कुणाला आठवला नाही? बर्नार्ड मेडॉफ, गुंतवणूकदारांना अब्जावधींना फसवणारा न्यूयॉर्कचा तो. आडनावाचा उच्चारच 'मेड ऑफ'. अटक झाल्यावर 'मेडॉफ मेड ऑफ विथ द मनी' या कोटीला नुसता ऊत आला होता. डिसेंबर 2008 मध्ये अटक, जून 2009 मध्ये 150 वर्षांची शिक्षा. ग्राहकांच्या खात्यांवर कागदोपत्री 64.8 अब्ज डॉलर दिसत होते.

---

तळटीप

कोटी झकास, पण शब्द चुकीचा आहे हो! मेक ऑफ विथ म्हणजे माल घेऊन पसार होणं, पोबारा करणं. मेडॉफ कुठे पळाला? स्वतःच्या मुलांजवळ कबूल केलं, मुलांनी वकिलामार्फत कळवलं, आणि एफबीआयची माणसं आली तेव्हा साहेब मॅनहॅटनमधल्या घरातच होते. त्यानं लोकांना 'स्विंडल्ड आउट ऑफ' केलं. 'मेक ऑफ' काही केलं नाही.

'विथ'वाल्या सगळ्यांना पाय आहेत: मेक ऑफ विथ, रन ऑफ विथ, वॉक ऑफ विथ. चोर आणि माल दोन्ही जागेवरून हलायला हवेत, आणि बहुधा सगळा माल. थोडा थोडा वीस वर्षं खाणाऱ्याला 'मेड ऑफ विथ' म्हणू नये. वॉक ऑफ विथमध्ये तर घाईसुद्धा नाही, कोणी बघत नव्हतं म्हणून सहज घेऊन चालता झाला. म्हणूनच 'शी वॉक्ड ऑफ विथ द फर्स्ट प्राइझ' हे कौतुकाचं वाक्य होतं: इतक्या सहज जिंकली.

---

नवखा_पाहुणा

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. एका संस्थेच्या हिशेबतपासणीचा अहवाल इंग्रजीत लिहितो आहे. खजिनदारानं सभासदांच्या वर्गणीतून काही रकमा स्वतःच्या खात्यात घेतल्याचं दिसतं. 'स्किम्ड ऑफ' लिहू का 'सायफन्ड ऑफ'? की 'पॉकेटेड'?

---

रानजाई

नमस्कार, स्वागत. अहवालात यातलं काहीच नको, असं माझं मत. ही सगळी क्रियापदं हेतू गृहीत धरतात. 'स्किम्ड ऑफ' लिहिलंत की तो माणूस चोर ठरवून झाला, आणि ते ठरवणं तुमचं काम नाही. जे दिसलं तेच लिहा: अमुक तारखेला अमुक रक्कम संस्थेच्या खात्यातून खजिनदाराच्या खात्यात गेली, तिचं कारण नोंदलेलं नाही, पावती नाही.

त्यातल्या त्यात सायफन ऑफ औपचारिक लेखनात चालून जातं, न्यायालयांच्या निकालांतही दिसतं. रिप ऑफ, रेक-ऑफ, डिडल, डू आउट ऑफ हे बोलण्यातले. 'एम्बेझल' सगळ्यात जड, कारण तो कायद्यातला शब्द आहे: विश्वासानं सोपवलेला पैसा स्वतःचा करणं. रस्त्यावरचा चोर एम्बेझल करू शकत नाही, खजिनदारच करू शकतो. म्हणूनच तो सिद्ध व्हायच्या आधी लिहू नये.

---

जुना_वाचक

ताईंशी शंभर टक्के सहमत. अहवालात क्रियापदं जितकी फिकी तितका अहवाल टिकतो.

---

नवखा_पाहुणा

धन्यवाद ताई. 'ट्रान्स्फर्ड' लिहितो.

---

पिंपळपान

खाल्ल्यावर वाटणीही करावी लागते, त्याची क्रियापदं कुणीच घेतली नाहीत.

डिव्ही अप, कार्व्ह अप, स्प्लिट अप. सगळ्यांना 'अप', म्हणजे पूर्ण वाटून संपवणं. यांत डिव्ही अप निरागस आहे, मुलंसुद्धा खाऊ डिव्ही अप करतात. कार्व्ह अपमध्ये मात्र सुरी दिसते. मोठ्या लोकांनी बंद दाराआड बाजारपेठ, कंत्राटं किंवा अख्खा प्रदेश आपापसांत कापून घेतला, की तो कार्व्ह-अप.

आणि मला सगळ्यात आवडणारं: कट इन. 'दे कट हिम इन ऑन द डील.' त्याला वाट्यात घेतलं. हे दिसायला औदार्य, पण असायला तोंडबंदी. अमेरिकेतलं क्रेडिट मोबिलियर प्रकरण याचा नमुना आहे. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या संचालकांनीच एक बांधकाम कंपनी काढली, रेल्वेनं तिला फुगवलेल्या दरानं कामं दिली, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात. सरकारी मदतीवर चाललेल्या या उद्योगाची चौकशी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, करू नये म्हणून ओक्स एम्स या काँग्रेस सदस्यानं आपल्या सहकाऱ्यांना त्या कंपनीचे शेअर स्वस्तात दिले. काहींनी तर पैसेही आधी दिले नाहीत, लाभांशातूनच शेअरची किंमत वळती झाली. 1872 मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' वर्तमानपत्रानं ते बाहेर काढलं. लाचेचं पाकीट दिसतं का कुठे? नाही. सगळे भागधारक. 'ही वॉज ब्राइब्ड' आणि 'ही वॉज कट इन' यांतला फरक इथे कळतो. लाच घेणारा बाहेरचाच राहतो, कट इन झालेला आतला होतो आणि त्यालाच पुढे झाकपाक करावीशी वाटते.

याच्या उलट मसल इन. कुणी बोलावलं नव्हतं, दांडगाईनं वाट्यात घुसला.

---

सुरवंट

पिंपळपान, हे उदाहरण भारी आहे. लाभांशातून किंमत वळती म्हणजे लाचेचा हप्ताही लाचच भरणार!

अवांतर: कट इन मधे कोणी माणूस न टाकता वापरलं तर अर्थ फक्त मधेच बोलणं किंवा गाडी घुसवणं. कर्म गेलं की भ्रष्टाचारही गेला.

---

रानजाई

मला 'आउट ऑफ'कडे परत जायचं आहे, तळटीप तिथून फार लवकर निघाले. तिथे दोन साचे आहेत.

पहिला त्यांनी सांगितला: माणूस आधी, पैसा मागून. 'चीट हिम आउट ऑफ मनी'. दुसरा बरोबर उलटा: पैसा आधी, माणूस मागून. 'स्क्वीझ मनी आउट ऑफ हिम'. रिंग (wring, पिळणं), व्हीडल (लाडीगोडी लावणं), स्क्वीझ हे दुसऱ्या साच्यातले. पहिल्या साच्यात फसवणूक आहे, त्याला कळतही नाही. दुसऱ्यात पिळवणूक किंवा गोडीगुलाबी आहे, त्याला कळतं आणि तरी तो देतो. मराठीत 'त्याला गंडवलं' विरुद्ध 'त्याच्याकडून उकळले', तुमचीच फाळणी. 'उकळले'मध्ये समोरच्यानं स्वतःच्या हातानं दिले हे गृहीत आहे.

कॉन आणि चीट दोन्ही साच्यांत जातात: 'कॉन्ड हर आउट ऑफ हर पेन्शन', 'कॉन्ड मनी आउट ऑफ पेन्शनर्स'. 'डू' मात्र हट्टी. 'डिड हिम आउट ऑफ फाइव्ह पाउंड्स' होतं, उलटं होत नाही. 'व्हीडल' उलट बाजूनं हट्टी: पैशासाठी वापरलं तर पैसाच आधी.

कॉनला 'इंटू'ही लागतं, पण मग पुढे कृती येते: 'कॉन्ड हिम इंटू साइनिंग'. सही करायला फसवलं 'इंटू', पैशाला फसवलं 'आउट ऑफ'. आधी आत घेतात, मग बाहेर काढतात.

---

तळटीप

हे मूळ धाग्यात असायला हवं होतं. 'गृहीत आहे' वरून एक सुचलं: शेक डाउनही दुसऱ्याच साच्याच्या स्वभावाचं आहे, पण कर्म माणूस. 'द कॉप्स शुक डाउन द शॉपकीपर्स.' झाड हलवायचं, खाली पडेल ते गोळा करायचं. आपल्याकडचं 'वसुली' किंवा 'खंडणी'. अधिकाराच्या जागेवरचा माणूस हे करत असेल तर शेक डाउन आणखी उठून दिसतं.

---

कानामात्रा

आणि तेच शेकडाउन नाम म्हणून तुरुंगातली झडती, नव्या जहाजाची चाचणी फेरी आणि जमिनीवर घातलेलं तात्पुरतं अंथरूणसुद्धा. संदर्भ न बघता भाषांतर करणाऱ्यानं नव्या जहाजाकडून खंडणी घेतलेली मी स्वतः वाचली आहे.

---

घारू

=)) =))

---

पिंपळपान

बिलं फुगवण्यासाठी काय म्हणतात? पॅड अप की पॅड आउट?

---

जुना_वाचक

नुसतं 'पॅड' बहुतेकदा पुरतं: 'पॅडेड द बिल्स'. पॅड आउट निबंध किंवा भाषण लांबवण्यासाठी जास्त. न्यूयॉर्कचा एकोणिसाव्या शतकातला पुढारी बॉस ट्वीड, त्याची टोळी आठवते. शहराच्या न्यायालयाची इमारत बांधताना कंत्राटदारांना फुगवलेली बिलं द्यायला लावायची, नगरपालिकेनं ती पास करायची आणि फुगाऱ्याचा मोठा भाग टोळीनं परत घ्यायचा. म्हणजे आधी पॅड, मग किक बॅक. 1871 मध्ये टोळी फुटली, ट्वीड 1878 मध्ये तुरुंगातच वारला. इमारत आजही उभी आहे आणि लोक तिला ट्वीड कोर्टहाउसच म्हणतात.

खर्चाच्या पावत्यांसाठी ब्रिटिश लोक 'फिडल' म्हणतात. 2009 मध्ये खासदारांच्या भत्त्यांचं प्रकरण निघालं तेव्हा हा शब्द पोटभर वापरला गेला. त्याला शेपूट नाही, त्यामुळे या धाग्यावर प्रवेश नाही.

---

सुरवंट

मग माझं शेवटचं, शेपूट असलेलं: 'हेल्प वनसेल्फ टू'. 'ही हेल्प्ड हिमसेल्फ टू द पेटी कॅश.' पाहुण्याला 'घ्या ना, संकोच करू नका' म्हणायचं वाक्य, आणि त्यातूनच चोरी. यात 'ऑफ' नाही, 'आउट ऑफ' नाही. तळटीपराव, 'टू'चा सिद्धांत काय?

---

तळटीप

सिद्धांत नाही, टोमणा आहे. स्किम ऑफ करणारा लपून करतो. हेल्प्ड हिमसेल्फ करणारा घरचंच समजून घेतो, आणि लिहिणाऱ्याला तेच दाखवायचं असतं: बेशरमपणा. मराठीत 'हात मारला' चालेल, पण त्यात चलाखी येते. मी 'खुशाल उचलले' लिहीन. 'खुशाल' काढलंत तर वाक्यात फक्त चोरी उरते.

---

रानजाई

'खुशाल' मस्त. उद्या वर्गात वापरते.